हर्मन हॉलरिथ

कांहीं कामें अशीं असतात कीं, तीं करणाराच्या बुद्धीला खाद्य देत नाहींत. मात्र त्याचें आयुष्य खाऊन टाकतात. एका वहींतील आंकडे दुसऱ्या वहींत उतरणें, हजारों कागदांवरील वजनें व रकमा यांच्या बेरजा करणें, हें असेंच काम होय. त्याचा भार ज्यांनीं यंत्रावर घातला, त्या हर्मन हॉलरिथ यांचें चरित्र आम्ही थोडक्यांत देत आहों.

हर्मनचा जन्म अमेरिकेंतील बफलो शहरीं ता. २९ फेब्रुवारी १८६० रोजीं झाला. आईबाप जर्मनींतून आलेले होते. शाळेंत शुद्धलेखनाची त्याला इतकी धास्ती वाटे कीं, एकदां तो खिडकीवाटे पळून गेला, असें सांगतात. पुढें एका लूथरन पाळकानें त्याला घरीं शिकविलें, व १८७९ सालीं, अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं, तो कोलंबिया येथील खाणविद्येच्या शाळेंतून पदवीधर झाला.

लगेच १८८० च्या खानेसुमारींत त्यांस नोकरी मिळाली. तेथें पांच कोटि माणसांची गणती कारकून हातानें करीत होते. हें काम यंत्रानें व्हावें, ही कल्पना डॉ. जॉन शॉ बिलिंग्स यांनीं त्यांस सुचविली. आगगाडीचा गार्ड तिकिटास भोंकें पाडून उतारूचें वर्णन टिपतो, हें हॉलरिथ यांनीं पाहिलें होतें. त्याचप्रमाणें त्यांनीं प्रत्येक माणसाची माहिती भोंकांच्या रूपानें एका पत्र्यावर नव्हे, तर जाड कागदाच्या कार्डावर उतरविली. कार्डावर सुया दाबल्या कीं, भोंक असेल तेथील सुई खालच्या पाऱ्यांत बुडे, वीज वाहूं लागे व तबकडीवरील कांटा एक घर पुढें सरके. १८८९ सालच्या स्पर्धेंत प्रतिस्पर्ध्यांस वर्गीकरणास ४४॥ व ५५॥ तास लागले. हॉलरिथ यांस ५॥ तास पुरले. १८९० ची खानेसुमारी त्यांच्याच यंत्रांवर झाली.

परंतु खानेसुमारी दहा वर्षांतून एकदांच येते. म्हणून ते न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेकडे वळले. तेथें वर्षाला सुमारें ४० लक्ष मालाच्या बिल्ट्या निघत. माल कोठून निघाला, कोठें जावयाचा, वजन किती, भाडें किती, हें सर्व वहींत चढवितां चढवितां कारकून थकून जात. १८९५ सालीं यंत्रें तेथें बसलीं. पण रेल्वेनें तीं परत केलीं! कारण उघड होतें. माणसें एकएक मोजावयाचीं असतात. मालाचीं वजनें मिळवावयाचीं असतात. जुनें यंत्र मोजी, पण त्याला अशी बेरीज साधत नसे. हॉलरिथ निराश झाले नाहींत. त्यांनीं बेरीज करणारें यंत्र रचिलें, स्वतःच्या खर्चानें पुन्हा चालवून दाखविलें, व रेल्वेनें तें स्वीकारलें. १८९६ सालींच त्यांनीं स्वतःची कंपनी काढिली.

त्यांच्या अंगीं हट्टही होता. यंत्रांच्या भाड्यावरून सरकारशीं वितुष्ट आलें व १९०५ सालीं खानेसुमारीचें काम हातचें गेलें. १९११ सालीं त्यांची कंपनी इतर कंपन्यांत मिळाली. तिलाच १९२४ सालीं इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स हें नांव मिळालें. ता. १७ नोव्हेंबर १९२९ रोजीं वॉशिंग्टन येथें ते निवर्तले.

यंत्रानें कंटाळवाणें काम अजिबात नाहींसें केलें, असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. कार्डांस भोंकें पाडणाऱ्या स्त्रीपुरुषांस दिवसभर तेंच तें करावें लागे. श्रमाची जागा बदलली. आणि तोही शीण पुढें संगणकानें हलका केला. तरी हा मार्ग दाखविणाऱ्याचें स्मरण आपण ठेविलें पाहिजे. शुद्धलेखनाच्या भयानें पळालेला मुलगा परत आलेल्या यंत्रांपुढून पळाला नाहीं, हें परीक्षेंत एकदां नापास झालेल्या आमच्या बंधूंनीं विशेष ध्यानांत ठेवावें.