सर रॉबर्ट पील

लंडनच्या रस्त्यावरील पोलिसाला तेथील लोक ‘बॉबी’ म्हणतात, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. हे नाव ज्यांच्यावरून पडले ते सर रॉबर्ट पील. लंडनचे पोलीसदल त्यांनी १८२९ साली उभारले. परंतु आम्हांस त्यांचे चरित्र आठवते ते निराळ्याच कारणाने.

पील यांचा जन्म १७८८ साली लँकेशायरात एका कापडगिरणीच्या धन्याच्या घरी झाला. घरचा पैसा गिरणीचा, पक्ष मात्र जमीनदारांचा व चर्चचा! कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडण्यास त्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला होता. परंतु आयर्लंडात यादवी माजेल या भीतीने १८२९ साली त्यांनीच तो कायदा संमत करून घेतला. धर्माभिमानी मित्रांनी त्यांस विश्वासघातकी ठरविले आणि ऑक्सफर्डच्या मतदारांनी निवडणुकीत पाडले.

खरी कसोटी पुढेच होती. १८१५ च्या धान्यकायद्याने परदेशी गव्हाची वाट अडविली होती. भाव चढा राहिला म्हणजे जमीनदारांचा खंड सुरक्षित. गिरणीवाल्यांना तो कायदा नको होता. धान्य मोकळेपणी आले, तर त्यांचे कापडही परदेशांत अधिक खपणार होते. मौज अशी की, स्वार्थाची भाषा सहसा कोणी बोलत नसे. शेती बुडाली तर गाव, चर्च व जुनी इंग्लिश राहणीच बुडेल, असे जमीनदार सांगत. गरिबाच्या भाकरीवर कर बसविणे हे पाप होय, असे गिरणीवाले सांगत. दोघांचीही श्रद्धा खोटी होती असे आम्हांस वाटत नाही. पण श्रद्धा आणि लाभ यांची अशी गाठ बसली होती की, तडजोड म्हणजे धर्मत्याग वाटू लागला.

१८४१ साली पील पंतप्रधान झाले ते या कायद्याच्या कैवाऱ्यांच्याच बळावर. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक रोगाने कुजले. पील यांनी गुपचूप एक लाख पौंडांचा अमेरिकन मका मागविला व कायदा रद्द करण्याचा निश्चय केला. (तो मका कोठे पुरणार? पुढे त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली.) त्यांच्याच पक्षातील डिझरायली यांनी भर सभागृहात त्यांच्यावर वाग्बाणांचा वर्षाव केला. मे १८४६ मध्ये पक्षाच्या सुमारे दोन तृतीयांश सभासदांनी विरुद्ध मत दिले; विधेयक तरले ते विरोधी पक्षाच्या मतांवर. २५ जूनला उमरावसभेने त्यास संमती दिली, आणि त्याच रात्री स्वपक्षातील बंडखोरांनी आयर्लंडविषयक दुसऱ्या एका विधेयकावर पील यांचा पराभव घडवून आणला. त्यांनी राजीनामा दिला.

१८५० च्या जून महिन्यात ते घोड्यावरून पडले व २ जुलैला निवर्तले. मजुरांनी पेनी-पेनी वर्गणी काढून त्यांच्या स्मारकासाठी निधी जमविला. फुटलेल्या पक्षाला मात्र पुन्हा स्वतःचे बहुमत मिळण्यास १८७४ साल उजाडावे लागले.