रेचल कार्सन

रेचल लुईस कार्सन (२७ मे, १९०७ – १४ एप्रिल, १९६४) या अमेरिकेतील सागरी जीवशास्त्रज्ञ, शासकीय सेवेतील संपादिका आणि निसर्गलेखिका होत्या. कीटकनाशकांच्या बेसुमार वापराविरुद्ध लिहिलेल्या 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या ग्रंथामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. मात्र त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग समुद्राच्या अभ्यासात गेला आणि हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चार ग्रंथांपैकी तीन समुद्रावरच आहेत. ज्या समुद्राने त्यांना बालपणापासून झपाटले होते, तो त्यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता.

बालपण

रेचल यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या लहान गावी झाला. ॲलेघेनी नदीकाठचे हे गाव अटलांटिक महासागरापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगराळ प्रदेशात आहे. वडील रॉबर्ट आणि आई मारिया यांच्या तीन अपत्यांत त्या सर्वांत धाकट्या होत्या. घराभोवती सुमारे ६५ एकर जमीन होती, पण उत्पन्न बेताचेच होते. मारिया लग्नापूर्वी शिक्षिका होत्या. मुलीला घेऊन त्या रानात, ओढ्याकाठी आणि फळबागेत हिंडत, पक्षी व कीटक दाखवीत. पाहून झालेला जीव पुन्हा त्याच्या जागी सोडून द्यायचा, हा त्यांचा दंडक होता. तो रेचल यांनी आयुष्यभर पाळला.

गावात सरसाचा कारखाना होता आणि त्याची दुर्गंधी सर्वत्र पसरलेली असे. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलीच्या मनात समुद्र आला तो प्रामुख्याने पुस्तकांतून. समुद्रावरील कथा-कविता त्या मिळतील तेथून वाचत. लेखनाची आवडही तेवढीच जुनी होती. 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकाने १९१८ साली, त्या अकरा वर्षांच्या असताना, त्यांची पहिली कथा छापली. ती समुद्राची नव्हती, तर सैन्यात असलेल्या भावाच्या पत्रावरून सुचलेली एका वैमानिकाची कथा होती. मोठेपणी आपण लेखिकाच होणार, याविषयी त्यांना तेव्हापासून शंका नव्हती.

महाविद्यालय आणि पहिले समुद्रदर्शन

१९२५ साली त्यांनी पिट्सबर्ग येथील पेनसिल्व्हेनिया कॉलेज फॉर विमेन या महाविद्यालयात (आजचे चॅटम विद्यापीठ) इंग्रजी विषयासाठी प्रवेश घेतला. शुल्क भागविण्यासाठी आईने पियानोच्या शिकवण्या केल्या आणि घरातील चिनी मातीची चांगली भांडी विकली.

तेथे मेरी स्कॉट स्किंकर या प्राध्यापिकेच्या जीवशास्त्राच्या तासांनी त्यांचा मार्ग बदलला. १९२८ च्या आरंभी त्यांनी इंग्रजी सोडून जीवशास्त्र हा मुख्य विषय घेतला. विज्ञानात स्त्रीला नोकरी मिळणे त्या काळी दुरापास्त असल्याने हा निर्णय अनेकांना अविचाराचा वाटला. आपण लेखनाला कायमचा निरोप देत आहोत, अशी त्यांचीही समजूत होती. याच महाविद्यालयाच्या वसतिगृहात एका वादळी रात्री टेनिसनची 'लॉक्सली हॉल' ही कविता वाचताना आपली वाट समुद्राकडे जाते अशी जाणीव झाल्याची आठवण त्यांनी पुढे नोंदविली आहे. शिक्षकी पेशात असणाऱ्यांना हे विशेष वाटावे, की पाठ्यपुस्तकाने नव्हे तर कवितेने ही दिशा पक्की केली.

१९२९ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत त्यांना काम करण्याची संधी मिळाली आणि तेथे त्यांना समुद्र प्रथम दिसला. खडकांतील डबक्यांत भरती-ओहोटीबरोबर येणारे जीव त्या पाहत, उरलेला वेळ ग्रंथालयात काढीत. समुद्राविषयीचे इतके संशोधनपर साहित्य एका ठिकाणी त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. पुढे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ साली त्यांनी प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतली. कॅटफिश या माशाच्या भ्रूणावस्थेत तात्पुरते काम करणारे आद्य मूत्रपिंड हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

डॉक्टरेट मात्र झाली नाही. महामंदीच्या काळात आई-वडील व अन्य कुटुंबीय त्यांच्याकडे राहावयास आले होते, आणि १९३४ साली त्यांना शिक्षण सोडावे लागले. १९३५ साली वडील वारले. १९३७ साली थोरली बहीण वारली आणि तिच्या दोन मुलींचा भार रेचल व त्यांच्या आईवर आला. संशोधक म्हणून प्रयोगशाळेत स्थिरावण्याची शक्यता येथेच संपली. त्यांना शास्त्रज्ञ म्हणावे की केवळ लेखिका, असा प्रश्न पुढे त्यांच्या विरोधकांनी उपस्थित केला, तेव्हा ही पार्श्वभूमी क्वचितच सांगितली गेली.

मत्स्यविभागातील नोकरी

अमेरिकी शासनाच्या मत्स्यविभागाला समुद्री जीवनावर ५२ लहान नभोवाणी कार्यक्रम सादर करावयाचे होते. विभागातील तज्ज्ञांना श्रोत्यांना रुचेल असे लिहिता येईना. विभागाचे अधिकारी एल्मर हिगिन्स यांनी हे काम कार्सन यांच्याकडे सोपविले आणि ते त्यांनी यशस्वीपणे पार पाडले. १९३६ साली स्पर्धा परीक्षेत पहिल्या येऊन त्या विभागात कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ झाल्या. व्यावसायिक पदावर पूर्णवेळ नेमणूक झालेल्या त्या विभागातील दुसऱ्याच स्त्री होत्या.

एका शासकीय पुस्तिकेसाठी त्यांनी लिहिलेली प्रस्तावना हिगिन्स यांनी परत केली. सरकारी पुस्तिकेसाठी ती फारच चांगली आहे, ती 'अटलांटिक मंथली' या मासिकाकडे पाठवा, असे त्यांचे मत पडले. १९३७ साली तेथे ती 'अंडरसी' या नावाने छापून आली. लेखकाचे नाव केवळ आर. एल. कार्सन असे होते, कारण स्त्रीने लिहिलेले विज्ञान वाचक गंभीरपणे घेतील याची त्यांना खात्री नव्हती. या निबंधातून 'अंडर द सी-विंड' (१९४१) हे पहिले पुस्तक आकारास आले. त्यात किनाऱ्यावरील पक्षी, बांगड्याच्या जातीचा एक मासा आणि नदीतून खोल समुद्राकडे निघालेली वाम यांच्या जीवनकहाण्या आहेत. समीक्षकांनी वाखाणणी केली, पण महिनाभरातच पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि पुस्तक विस्मरणात गेले. पहिल्या काही वर्षांत दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

नोकरी सोडणे शक्य नव्हते. दिवसा विभागाचे अहवाल तपासणे आणि रात्री स्वतःचे लेखन करणे, असा क्रम पुढील दहा वर्षे चालला. आई हस्तलिखिते टंकलिखित करून देई. १९४९ पर्यंत त्या विभागाच्या सर्व प्रकाशनांच्या मुख्य संपादिका झाल्या होत्या. त्याच वर्षी 'अल्बाट्रॉस ३' या संशोधन जहाजावरून जॉर्जेस बँक या मासेमारीच्या क्षेत्रात त्या गेल्या. जहाजावर एकटी स्त्री नको, असा आक्षेप येताच त्यांनी आपल्या साहित्यिक प्रतिनिधी मेरी रोडेल यांना बरोबर घेतले. दोन स्त्रिया चालतील, पण एक नको, हा नियम गमतीचाच म्हटला पाहिजे.

'द सी अराउंड अस'

पाणबुड्यांच्या युद्धामुळे भरती-ओहोटी, प्रवाह, लाटा आणि सागरतळ यांविषयी पुष्कळ नवी माहिती जमा झाली होती. तिचा मोठा भाग कार्सन यांच्या मेजावरून जात असे. विखुरलेली ही माहिती सामान्य वाचकापुढे एकत्र मांडणारा ग्रंथ लिहिण्याचे त्यांनी ठरविले आणि अनेक समुद्रशास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार केला. ध्वनिलहरींनी खोली मोजताना नौदलास मधल्याच पाण्यात एक खोटा तळ लागे. हा थर दिवसा खोल असे आणि रात्री वर येई. तो सजीवांचा आहे हे उमगले होते, पण ते जीव कोणते याचा निर्णय तेव्हा झाला नव्हता. कार्सन यांनी निरनिराळी मते मांडून प्रश्न खुलाच ठेवला आहे.

'द सी अराउंड अस' १९५१ साली प्रसिद्ध झाला. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या सर्वाधिक खपाच्या यादीत तो ८६ आठवडे होता आणि १९५२ साली त्यास नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. असा ग्रंथ स्त्रीने लिहिला असेल यावर काही वाचकांचा विश्वास बसेना. ग्रंथातील सर्वच प्रतिपादने आज टिकलेली नाहीत. चंद्र पॅसिफिक महासागराच्या जागेतून तुटून निघाला असावा, ही त्यात दिलेली कल्पना पुढे मागे पडली, आणि भूपट्ट सिद्धान्त तर त्यानंतरचा आहे. १९६१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या प्रथेविरुद्ध इशारा दिला. त्यांची मूळ धारणा त्यामुळे बदलली होती, कारण मनुष्य समुद्राचे काही बिघडवू शकणार नाही असे पूर्वी त्यांनाही वाटत असे.

किनाऱ्यावरील वर्षे

१९५२ साली त्यांनी नोकरी सोडली आणि पुढील वर्षी मेन राज्यातील साउथपोर्ट बेटावर समुद्रालगत लहान घर बांधले. ओहोटीच्या वेळी त्या खडकांत उतरत, जीव गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि पुन्हा पाण्यात नेऊन सोडत. 'द एज ऑफ द सी' (१९५५) या ग्रंथात त्यांनी तीन प्रकारचे किनारे वर्णिले आहेत. उत्तरेच्या खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीचे, मधल्या वालुकामय किनाऱ्यावर लाटांचे आणि फ्लोरिडाच्या प्रवाळ किनाऱ्यावर सागरी प्रवाहांचे राज्य चालते, हे त्यातील मुख्य सूत्र आहे. प्राण्यांची जंत्री देण्याऐवजी प्रत्येक प्राणी त्याच ठिकाणी का जगतो हे सांगणारा हा ग्रंथ विद्यार्थ्यांनी प्रथम वाचावा, असा आहे. त्यातील चित्रे विभागातील त्यांचे सहकारी बॉब हाइन्स यांनी काढली.

अखेरची वर्षे

१९५७ साली त्यांची भाची वारली आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. १९५८ च्या अखेरीस आई गेली. याच काळात डीडीटीवरील काम सुरू झाले होते. हा विषय त्यांनी १९४५ सालीच एका मासिकाला सुचविला होता, पण तो नाकारला गेला. 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये पक्ष्यांइतकेच मासेही आहेत. कॅनडातील मिरामिशी नदीकाठच्या जंगलांवर १९५४ साली झालेल्या फवारणीनंतर सामन माशांची पिले कशी मेली, याचे त्यातील वर्णन मत्स्यविभागात वर्षे घालविलेल्या व्यक्तीचे आहे. रासायनिक उद्योगांनी ग्रंथावर कडाडून टीका केली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या १९६३ च्या अहवालाने मात्र त्यांच्या प्रतिपादनास बळ दिले. अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतील वापरावर १९७२ साली बंदी आली.

हे सर्व चालू असताना त्यांना स्तनाचा कर्करोग होता. १९६० साली शस्त्रक्रिया झाली होती. विरोधकांना निमित्त मिळू नये म्हणून त्यांनी आजार गुप्त ठेवला. १९६३ च्या जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल, १९६४ रोजी मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या रक्षेचा एक भाग आईच्या थडग्याजवळ ठेवण्यात आला. उरलेली रक्षा त्यांच्या साउथपोर्टच्या शेजारीण व जिवलग मैत्रीण डोरोथी फ्रीमन यांनी मेनच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडली. १९८० साली त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा सन्मान मरणोत्तर देण्यात आला. मेन राज्याच्या किनाऱ्यावरील खारपाणथळींचे एक वन्यजीव आश्रयस्थान त्यांच्या नावाने ओळखले जाते.