संगीतसूर्य कै. केशवराव भोसले

केशवराव भोसले यांना एकूण आयुष्य लाभले एकतीस वर्षांचे. त्यातील पहिली चार-पाच वर्षे अजाण बाल्याची म्हणून सोडून दिली, तर उरलेला सारा काळ रंगभूमीवर किंवा तिच्या पाठीमागे गेला. आमच्या पिढीतील पुष्कळांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते कोल्हापूरच्या नाट्यगृहामुळे. नाट्यगृहापलीकडचा माणूस मात्र बहुतेकांस अपरिचित आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडिलांचे नाव विठ्ठलराव, आईचे जानकीबाई. पित्याचे छत्र लवकर हरपले आणि लहान मुलांना पोसण्याचा भार त्या माउलीवर येऊन पडला. अशा वेळी मुलाचा गोड गळा हीच काय ती घरातील पुंजी होती. जनुभाऊ निमकर यांची ‘स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी’ त्या वेळी नावारूपास येत होती. तिच्यात हे मूल दाखल झाले. आज कोणी आपले चार-पाच वर्षांचे लेकरू नाटककंपनीच्या स्वाधीन केले, तर आपण त्या आईस दोष देऊ. पण त्या काळी कंपनी म्हणजे दोन वेळचे जेवण, अंगावर वस्त्र आणि डोक्यावर छप्पर होते. नाटकवाल्याला समाजात मान नव्हता. त्याच्याशी सोयरीक करताना लोक दहा वेळा विचार करीत. ही गोष्ट त्या आईस कळत नसेल असे थोडेच आहे? पोटाला अन्न हवे होते, एवढेच त्याचे उत्तर.

आम्ही जन्मभर शिक्षकाचा पेशा केला. त्यामुळे या चरित्रातील एक गोष्ट आम्हांस विशेष बोचते. ज्या वयात मूल पाटीवर श्री गिरवते, त्या वयात केशवराव तालीममास्तरांपुढे पदे घोकत होते. शाळेचे तोंड त्यांनी असे पाहिलेच नाही. नाटकातील नक्कल वाचावी कशी? ती दुसऱ्याने सांगायची व ऐकून पाठ करायची. हजारो ओळी आणि शेकडो चिजा त्यांनी अशा कानांनी साठविल्या. पुढे हाती सत्ता व पैसा आल्यावर त्यांनी लिहिण्या-वाचण्याचे शिक्षण स्वतःच्या खटपटीने घेतले, हे त्यांच्या गाण्याइतकेच आम्हांस मोठे वाटते. प्रौढ माणसाला, त्यातही हजारो लोक ज्याला डोक्यावर घेतात अशा माणसाला, पुन्हा बाराखडीपाशी बसणे किती अवघड असते हे आम्ही प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत डोळ्यांनी पाहिले आहे.

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. जरठ-बालाविवाहाच्या त्या नाटकाने महाराष्ट्र हलवून सोडला होता. ऐन बालवयात केशवरावांकडे शारदेची भूमिका आली आणि त्यांचे भाग्य उघडले. तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पाऊणशे वर्षांच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी मुलगी, आणि ती साकारणारा पोरही तसाच कोवळा. शिवाय आवाज असा की थिएटरच्या शेवटच्या बाकावरील माणसालाही शब्द न् शब्द ऐकू जाई. ध्वनिक्षेपक नव्हते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तीन-तीन, चार-चार तास गाऊन पुन्हा दुसऱ्या दिवशी उभे राहायचे, तर नुसता गोडवा पुरत नाही, छातीत दमही लागतो. पुढे त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांची तालीम घेतली. बुवांच्या गायकीतील तडफ केशवरावांच्या गळ्यात उतरली. बालगंधर्वांचे गाणे मोहविणारे, तर केशवरावांचे तेजस्वी व आक्रमक, असा भेद जाणकार करीत आले आहेत. ‘संगीतसूर्य’ ही पदवी त्या तेजालाच शोभते.

स्वदेशहितचिंतकात नाव झाले, नाटकाला गर्दी होऊ लागली, परंतु गल्ला मालकाचा व गळा नटाचा ही व्यवस्था तशीच होती. अखेर १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी मुक्कामी केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. सतरा वर्षे! आमच्या गावात या वयाचा मुलगा कॉलेजात कोणती शाखा घ्यावी या विवंचनेत असतो. बंधू दत्तोबा सोबत होते. त्या काळच्या संगीत मंडळ्यांचे मालक व प्रमुख नट बहुधा ब्राह्मण असत. मराठा घरातील, शाळा न पाहिलेला हा पोरगा त्यांच्या पंक्तीला स्वतःच्या बळावर जाऊन बसला. अर्थात ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहीत आहोत म्हणून केशवरावांना केवळ ज्ञातीच्या खात्यावर जमा करणे आम्हांस उचित वाटत नाही. त्यांना घडविणारे निमकर, वझेबुवा, नाटके देणारे लेखक आणि पुढे मंडळी सांभाळणारे सहकारी हे नाना घरांतून आलेले होते.

नाटककंपनी चालविणे म्हणजे काय, याची आजच्या वाचकांस कल्पना यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. कंपनी म्हणजे फिरते गावच. नट, साथीदार, पेटीमास्तर, तबलजी, पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, रंगपटात तोंडे रंगविणारे, विंगेत उभे राहून विसरलेले वाक्य हळूच पुरविणारे, दारावर तिकिटे घेणारे आणि या सर्वांना दोन वेळ जेवू घालणारे आचारी. गावोगावी थिएटर भाड्याने घ्यायचे, बिऱ्हाडासाठी मोठा वाडा पाहायचा, हँडबिले वाटायची. पाऊस लागला, गावात साथ आली, की खेळ बंद. खेळ बंद असला तरी भटारखाना बंद ठेवता येत नाही. तेवढ्यात एखादा गाणारा नट चार पैसे जास्त मिळतात म्हणून दुसऱ्या मंडळीत निघून गेला, तर नव्या पोराला त्याची नक्कल पढविण्यापासून तयारी. हा सगळा डोलारा मुख्य नटाच्या गळ्यावर उभा असे. त्याला पडसे झाले तरी शंभर पोटांची चिंता!

मुक्काम हलविणे हा तर एक सोहळाच असे. पडद्यांच्या लांब गुंडाळ्या, कपड्यांच्या पेट्या, वाद्ये, भांडीकुंडी हे सर्व आगगाडीत चढवायचे. मुंबईहून खानदेश-वऱ्हाडाकडे जाणाऱ्या मंडळ्यांना आमच्या नांदगावावरूनच जावे लागे, कारण मनमाड सोडले की भुसावळच्या वाटेवर आमचे स्टेशन. निजामच्या मुलखातील रेल्वे होण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहणारे प्रवासीही येथेच उतरत, ही गोष्ट आमची मुले आता विसरली आहेत. मोठे मुक्काम जळगाव-अमरावतीसारख्या ठिकाणी पडत. वऱ्हाडचा उल्लेख येथे दुसऱ्याही कारणाने करावासा वाटतो. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक ललितकलादर्शने केले व त्यातील मृणालिनीच्या भूमिकेने केशवरावांची कीर्ती फार वाढली. मृणालिनी ही रडणारी, सोसणारी नायिका नव्हे, ती तेजस्वी आहे. केशवरावांचा गळा अशाच भूमिकेसाठी जन्मला होता, असे म्हणावेसे वाटते.

आता पडद्यामागील गोष्ट. नाटकमंडळ्यांचे पडदे त्या काळी लाकडी दांड्याला गुंडाळलेले असत. रस्ता, राजवाडा, अरण्य असे रंगविलेले पडदे दोऱ्यांनी वर-खाली होत. वाऱ्याने ते हलले की राजवाड्याचे खांबही डोलत. केशवरावांनी या बाजूला जेवढे लक्ष घातले तेवढे क्वचितच कोणा गायक नटाने घातले असेल. दोन्ही बाजूंस सरकणारा मखमली पडदा मराठी रंगभूमीवर प्रथम आणण्याचे श्रेय त्यांचेच. तसेच कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे दोघे आतेमामेभाऊ पडदे रंगविण्यात अद्वितीय होते, त्यांच्या कुंचल्याचा लाभ ललितकलादर्शला झाला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूराव पुढे सिनेमाच्या धंद्यात शिरले आणि त्या क्षेत्रातही थोर ठरले. प्रेक्षक गाणे ऐकायला येतो, मग मखमलीवर पैसा कशाला, असे म्हणणारे हिशेबी लोक तेव्हाही असतीलच. परंतु नाटक हे कानाइतकेच डोळ्यांनी पाहावयाचे असते हे या निरक्षर म्हणून वाढलेल्या माणसाने जाणले होते.

नाटकांची निवडही तशीच. भार्गवराम विठ्ठल उर्फ मामा वरेरकर यांचे पहिले नाटक ‘कुंजविहारी’ स्वदेशहितचिंतकाने १९०८ साली केले होते. पण मामांना सामाजिक नाटककार म्हणून उभे केले ते ललितकलादर्शने. ‘हाच मुलाचा बाप’ हे १९१६-१७ च्या सुमाराचे नाटक हुंड्याच्या चालीवर होते. राजे-राण्यांचे भरजरी पोशाख आणि पौराणिक कथा यांवर हमखास गल्ला मिळत असताना चालू काळातील घरातला प्रश्न संगीत रंगभूमीवर मांडणे हा व्यापाराच्या दृष्टीने जुगारच होता. तो यशस्वी झाला. पाठोपाठ मामांचेच ‘संन्याशाचा संसार’ आले. हुंड्याविषयी आपल्या ज्ञातीत दरसाल ठराव होतात, टाळ्याही पडतात. केशवरावांनी तो विषय शंभर वर्षांपूर्वी पदरमोड करण्याची तयारी ठेवून लोकांपुढे मांडला होता, याची आठवण ठराव मांडणाऱ्यांनी ठेवावी.

छत्रपती शाहू महाराजांचा केशवरावांवर लोभ होता. महाराजांनी कोल्हापुरात १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभारले. त्याच्या पाठीशीच खासबागेचे कुस्त्यांचे मैदान आहे. त्या मैदानात सामान्य रयतेसाठी केशवरावांनी उघड्यावर ‘मृच्छकटिक’चा प्रयोग केला. वर आकाश, समोर अफाट समुदाय आणि यंत्राच्या मदतीविना पोचणारा आवाज! तिकीट काढण्याची ऐपत नसलेल्या माणसापर्यंत गाणे गेले, हा त्याचा खरा अर्थ.

आणि मग आला ८ जुलै १९२१ चा दिवस. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी १ ऑगस्टला गेले होते. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड जमविला जात होता. त्यासाठी मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ व्हावयाचा ठरला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९११ सालचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांची चुरस अवघ्या महाराष्ट्रास ठाऊक होती. दोघांचे चाहते एकमेकांशी भांडणापर्यंत येत. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. ‘मानापमान’ हे गंधर्वांच्या अंगवळणी पडलेले नाटक, म्हणजे केशवरावांना प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जाऊन उतरायचे होते. स्त्रीभूमिकांत नाव झालेल्या नटाने शूर सेनापतीच्या वेषात, टेंब्यांनी स्वतः गाऊन गाजविलेल्या भूमिकेत उभे राहणे हे धाडसच. तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत चढले. त्या काळी प्राथमिक शिक्षकाला एवढी रक्कम मिळविण्यास कित्येक महिने खपावे लागे! एका रात्रीचे उत्पन्न सोळा हजार रुपयांवर गेले आणि ते फंडास देण्यात आले. कोण जिंकले, कोण हरले याची चर्चा पुढे कित्येक वर्षे चालली. आमच्या मते त्या रात्री कोणी हरले नाही. दोन मालकांनी आपापल्या गल्ल्याचा विचार बाजूस ठेवला, एवढे पाहिले म्हणजे पुरे. त्यानंतर याच जोडीचा ‘संयुक्त सौभद्र’ही झाला. सुभद्रा बालगंधर्वांची, अर्जुन केशवरावांचा.

या वैभवानंतर जेमतेम तीन महिने गेले. विषमज्वराने केशवराव अंथरुणास खिळले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. विषमज्वरावर तेव्हा औषध नव्हते. आज जो ताप तालुक्याच्या दवाखान्यात आठ-पंधरा दिवसांत उतरतो, त्याने हा सूर्य मध्यान्हीच मावळला.

मालक-नट गेला की त्याची कंपनी मोडते, हा त्या धंद्याचा शिरस्ता. ललितकलादर्श मात्र मोडली नाही. केशवरावांचे सहकारी बापूराव पेंढारकर यांनी ती उचलली. पुढल्याच वर्षी, १९२२ साली, वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले आणि १९३७ साली आपला देह ठेवीपर्यंत मंडळी चालविली. काही वर्षांच्या खंडानंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी १९४२ पासून ती पुन्हा उभी केली. २००८ साली संस्थेने शंभरी गाठली. सतरा वर्षांच्या पोराने हुबळीस रोवलेले रोप त्याच्या स्वतःच्या आयुष्याच्या तिपटीहून अधिक जगले.

आपल्या घरांत आजही मुलाने गाण्याचे किंवा नाटकाचे नाव काढले की वडीलधारे कपाळाला आठ्या घालतात. पोलीस भरती व्हावी, रेल्वेत लागावे, नाही तर शेती पाहावी, पण नाटक नको. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. रंगभूमीने पुष्कळांना उपाशी ठेवले आहे. पण प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी, वेशभूषा ही पडद्यामागची कामे आज शिकविली जातात आणि त्यांवर अनेकांचे संसार चालतात, हेही त्यांना ठाऊक असावे. मुलाची दहावी-बारावी पुरी करून मग त्यास सोडावे, असे आमचे शिक्षकी मत आहे. केशवरावांना जे उशिरा व कष्टाने मिळवावे लागले ते आपल्या पोरांस वेळेवर मिळू शकते.

कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला १९५७ साली केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे त्यांच्या जन्मदिवसाच्या पूर्वसंध्येलाच, त्या नाट्यगृहास आग लागली. छप्पर कोसळले, रंगमंच व खुर्च्या जळून गेल्या. दुसरे दिवशी जयंती साजरी करावयास जमणारे कलावंत काळ्या पडलेल्या भिंतींपुढे उभे राहून रडले. दगडी भिंती मात्र शिल्लक राहिल्या आणि त्यांच्याच आधाराने पुन्हा बांधणीचे काम हाती घेण्यात आले.