केनेडी यांचे पाठीचे दुखणे

छायाचित्रांतून दिसणारे जॉन केनेडी ताठ, तरुण व हसतमुख वाटतात. तो ताठपणा पुष्कळदा सदऱ्याखाली आवळलेल्या पट्ट्याचा होता, हे त्यांच्या हयातीत फार थोड्यांना ठाऊक होते.

२९ मे १९१७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे एका धनाढ्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्रकृती पहिल्यापासूनच नाजूक. विद्यार्थिदशेतच पाठ दुखू लागली. तरीही महायुद्धात ते आरमारात गेले. २ ऑगस्ट १९४३ रोजी सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्यांच्या नौकेचे दोन तुकडे केले. तेव्हा भाजलेल्या एका खलाशाच्या जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडी कित्येक तास पोहले व त्याला बेटावर नेले. पुढे दुखणे बळावले. १९४४ ची शस्त्रक्रिया फुकट गेली. १९५४ मध्ये कण्याला धातूची पट्टी बसवली, तर जंतुसंसर्गाने ते मरणाच्या दारी पोचले.

१९६१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच मे महिन्यात कॅनडात वृक्षारोपण करताना पाठ पुन्हा धरली. कुबड्या आल्या, बधिर करणाऱ्या औषधाच्या सुया आल्या.

ऑक्टोबरात डॉ. हान्स क्राउस यांना पाचारण झाले. हे व्हिएन्नात शिकलेले, गिर्यारोहणाचे वेडे गृहस्थ. अमेरिकन मुले स्नायुबलात युरोपीय मुलांच्या फार मागे आहेत, हे यांनीच चाचण्या घेऊन दाखवले होते. गंमत अशी की, त्याच चाचण्यांचा दाखला देऊन केनेडींनी १९६० च्या अखेरीस देशबांधवांच्या शैथिल्यावर लेख लिहिला होता! आता त्यांचेच पोटाचे स्नायू दुबळे आणि पाठीचे आखडलेले निघाले. कण्याला तोलून धरणारेच असे, मग कण्याने काय करावे? क्राउस यांनी शस्त्रही धरले नाही, सुईही नाही. व्हाइट हाउसच्या पोहण्याच्या तलावाशेजारी लहानशी व्यायामशाळा होती. तेथे आठवड्यातून तीनदा व्यायाम सुरू झाला. आधी स्नायू सैल करावयाचे, मग ताणावयाचे, मग बेताबेताने बळ वाढवावयाचे. काम कंटाळवाणे होते, पण काही महिन्यांत फरक दिसला. सुया मागे पडल्या. आपल्या लहानग्या मुलाला ते उचलून घेऊ लागले.

पट्टा मात्र सुटला नाही. पट्ट्याच्या आधाराने स्नायू आळसावतात, म्हणून क्राउस यांना तो नको होता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे उघड्या मोटारीत बसलेल्या केनेडींच्या कमरेला तो होताच. त्यांना एक गोळी लागली. त्या आघाताने ते खाली कलंडले असते, परंतु पट्ट्याने त्यांना ताठ धरून ठेवले व पुढची गोळी मस्तकी लागली, असे काही डॉक्टरांचे मत आहे.