हबशी गुलाम ते निजामशाहीचा आधारस्तंभ : मलिक अंबर



परभणी जिल्ह्यातून खुलताबादला जियारतीसाठी जाणाऱ्यांची संख्या थोडी नाही. पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांतून माणसे रेल्वेने किंवा एस. टी.ने निघतात, वाटेत दौलताबादचा किल्ला पाहतात आणि हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब, हजरत जैनुद्दीन शिराजी व हजरत जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यांवर फातिहा पढून पुढे वेरूळची लेणीही पाहून येतात. औरंगजेब बादशहाची साधी, उघडी कबर बहुतेकांना ठाऊक असते. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक पहिला निजामुल्मुल्क याचीही कबर तेथेच आहे. आझाद बिलग्रामी यांच्यासारखा अरबी-फारसीचा थोर विद्वानही त्याच भूमीत चिरनिद्रा घेत आहे.

परंतु याच गावाबाहेर, घुमट असलेल्या एका दगडी मकबऱ्यात निजलेल्या माणसाकडे फार थोडे लोक वळतात. तो बादशहा नव्हता, पीर नव्हता आणि मोठ्या घराण्यातही जन्मला नव्हता. तो बाजारात विकला गेलेला गुलाम होता. त्याचे नाव मलिक अंबर. आपल्या मुलामुलींनी ज्याचे चरित्र मुद्दाम अभ्यासावे असा हा पुरुष आहे, म्हणून त्याची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

मलिक अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबशी देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला जात अखेर बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. आईबापांपासून तुटलेल्या, परमुलखात पडलेल्या त्या मुलाचे पुढे काय व्हावयाचे होते ते उघडच दिसत होते. ओझी वाहायची, मालकाची सेवा करायची आणि एक दिवस निनावी मरून जायचे.

पण मीर कासिमला या मुलाची बुद्धी दिसली. त्याने त्याला इस्लामची दीक्षा दिली, अंबर हे नाव दिले आणि मुख्य म्हणजे त्याला लिहावयास-वाचावयास शिकवले, हिशेब व कारभाराचे धडे दिले. पालकहो, या घटनेकडे विशेष लक्ष द्या. त्या मुलाजवळ घर नव्हते, पैसा नव्हता, स्वतःच्या देहावरसुद्धा त्याचा हक्क नव्हता. तो पुन्हा विकला गेला तेव्हा अंगावरच्या वस्त्राखेरीज त्याने बरोबर काय नेले असेल? जे शिकला होता तेवढेच. ती शिदोरी कोणताही मालक त्याच्यापासून हिरावून घेऊ शकला नाही.

सोळाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभी अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखान स्वतःही एकेकाळी हबशी गुलामच होता आणि त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. अशा धन्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार आणि लष्कर या दोन्ही गोष्टी जवळून पाहू लागला. काही वर्षांतच चंगीजखान मरण पावला आणि त्याच्या विधवा पत्नीने अंबरला गुलामीतून मुक्त केले.

स्वातंत्र्य मिळाले म्हणजे सर्व काही मिळाले असे नसते. पुढची वीस वर्षे अंबरने दुसऱ्यांच्या चाकरीत काढली. गोवळकोंडा, विजापूर असे दरबार त्याने पाहिले. मलिक हा किताब त्याला विजापुरातच मिळाला. इ. स. १५९५ मध्ये तो निजामशाहीत परतला तेव्हा त्याच्याजवळ अवघे दीडशे स्वार होते आणि वय पन्नाशीकडे झुकले होते. ज्या वयात माणसे विसाव्याचा विचार करतात, त्या वयात या माणसाचे खरे कार्य सुरू झाले.

तो काळ निजामशाहीच्या सर्वनाशाचा होता. मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला होता. शूर चांदबिबीने किल्ला लढवला, पण इ. स. १५९६ च्या तहात वऱ्हाड प्रांत मोगलांना द्यावा लागला. आपला पाथरीचा मुलूख त्या काळी वऱ्हाडातच मोडत असे. अकबराच्या दरबारातील ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले आहे. म्हणजे ही सारी धामधूम दूरची नसून आपल्याच गोदाकाठी चालली होती. इ. स. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला पडला. राजधानी गेली, बालसुलतान कैद झाला. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले.

मलिक अंबरला मात्र तसे वाटले नाही. त्याने राजघराण्यातील एका तरुणाला शोधून काढले आणि परांडा येथे मुर्तजा निजामशहा या नावाने तख्तावर बसवले. स्वतःची मुलगी त्याला दिली आणि वजीर म्हणून राज्याचा भार आपल्या खांद्यावर घेतला. इ. स. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगल सेनापती खानखानाचा पुत्र इरज याच्याशी झालेल्या लढाईत तो जबर जखमी होऊन पडला. त्याच्या हबशी साथीदारांनी त्याला रणातून उचलून नेले म्हणून तो वाचला. बरा होताच तो पुन्हा घोड्यावर बसला.

मोगलांकडे माणसे, तोफा आणि पैसा अफाट होता. समोरासमोर उभे राहून हे सैन्य हटणार नाही, हे अंबरने ओळखले. म्हणून त्याने हलक्या घोडदळाची चपळ लढाई उभारली. शत्रूची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, डोंगरात ओढून नेऊन दमवायचे आणि तो वळला की नाहीसे व्हायचे. या कामी त्याने मराठा सरदार व शिलेदार यांना मोठ्या प्रमाणावर जवळ केले. इ. स. १६१० च्या सुमारास या भागातून गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या फौजेत सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे लिहून ठेवले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे हे याच फौजेत लढले. ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही मलिक अंबरच्या शौर्याचा उल्लेख आदराने आला आहे. धर्म, जात व वर्ण यांची कुंपणे ओलांडून गुणी माणूस हेरण्याची त्याची दृष्टी अशी होती.

यशाबरोबर अपयशही त्याच्या वाट्याला आले. इ. स. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगाव येथे त्याचा मोठा पराभव झाला आणि मोगलांनी त्याची राजधानी जाळली. इ. स. १६२१ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजेच पुढचा शाहजहान, याच्या फौजेने ती पुन्हा उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा अंबरने तह केला, मुलूख दिला, श्वास घेतला आणि पुन्हा उभा राहिला. इ. स. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर दोघे मिळून त्याच्यावर चालून आले. तेव्हा अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि दोन्ही सैन्यांचा धुव्वा उडवला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच रणात धारातीर्थी पडले. त्या वेळी मलिक अंबर पंचाहत्तरीच्या घरात होता!

जहांगीर बादशहाला या हबशी वजिराचा किती राग होता, हे त्याच्या आत्मचरित्रातून दिसते. त्यात अंबरचे नाव शिव्याशापांशिवाय क्वचितच येते आणि त्याच्या काळ्या वर्णाचाही उपहास येतो. बादशहाने एक चित्र काढवून घेतले होते. त्यात तो भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडताना दाखवला आहे. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही. मात्र अंबर वारल्यावर जहांगीरच्याच दरबारातील इतिहासकाराने त्याच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती केली. ज्याची थोरवी शत्रूच्या लेखणीलाही नाकारता येत नाही, त्याला आणखी कोणाचे प्रमाणपत्र हवे?

विद्यार्थी मित्रांनो, तलवारीच्या गोष्टी ऐकावयास गोड असतात, परंतु मलिक अंबरचे मोठेपण केवळ तलवारीत शोधू नका. त्याचे खरे मोठेपण पाण्यात आणि जमिनीत आहे.

इ. स. १६१० मध्ये त्याने खडकी नावाच्या लहानशा गावाजागी नवे शहर वसवले. तेथील भडकल दरवाजा आजही त्याची साक्ष देत उभा आहे. अंबरच्या मृत्यूनंतर या शहराला फतेहनगर, त्यानंतर औरंगाबाद आणि इ. स. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर अशी नावे मिळत गेली. शहर वसवणे सोपे, त्याला पाणी देणे अवघड. अंबरने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी जमिनीखालून बोगद्याने व खापरी नळांनी, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी होय. तिला मोट नको की चाक नको. ठिकठिकाणी बांधलेल्या उच्छ्वासांतून हवा खेळती राहावी आणि आत उतरून सफाई करता यावी, अशी तिची रचना होती. ही नहर विसाव्या शतकापर्यंत लोकांची तहान भागवत होती. प्रसिद्ध पाणचक्कीला पाणी देणारी नहर मात्र वेगळी असून ती अठराव्या शतकातील आहे, हेही ध्यानात ठेवा.

दुसरे काम जमीनमहसुलाचे. त्या काळी सरकार गावांचा वसूल इजाऱ्याने देत असे आणि इजारदार रयतेला पिळून काढीत. अंबरने ही पद्धत बंद केली. जमिनीची प्रतवारी केली आणि पीक पाहून सरकारचा वाटा ठरवला. आरंभी हा वाटा धान्याच्या रूपाने घेतला जाई. पुढे काही हंगामांचा अनुभव पाहून तो सुमारे एक तृतीयांशाइतका रोख ठरला. पीक बुडाले तर सूट मिळे. गावगाडा त्याने पुन्हा नीट बसवला. सतत युद्ध चालू असलेल्या मुलखात शेतकरी टिकला तरच राज्य टिकते, हे त्याला कळले होते. महाराष्ट्राच्या महसुलाचा इतिहास लिहिताना आजही मलिकअंबरी धाऱ्याचे नाव टाळता येत नाही.

तो फरिश्ता होता असे आम्ही म्हणणार नाही. सत्तेच्या राजकारणात त्याचे हात स्वच्छ राहिले नाहीत. इ. स. १६१० मध्ये मुर्तजा निजामशहाशी बिघडल्यावर त्याला विष देऊन दूर केल्याचा आरोप इतिहासकारांनी अंबरवर ठेवला आहे. त्यानंतर एक लहान मूल तख्तावर बसले आणि सर्व सत्ता वजिराच्याच हाती राहिली. मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना त्याचे गुण घ्यावेत आणि दोष झाकू नयेत. आपल्या मुलांना आपण हेच शिकवले पाहिजे.

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या आसपास वय असताना मलिक अंबरचे निधन झाले. त्याने हयातीतच बांधून ठेवलेल्या खुलताबादच्या मकबऱ्यात त्याला दफन करण्यात आले. त्याची पत्नी बीबी करीमा हिचा लहान मकबरा जवळच आहे. पुढे इ. स. १७०७ मध्ये जहांगीरचा नातू औरंगजेब अहमदनगरजवळ वारला आणि त्याचेही दफन याच गावात झाले. ज्या दोन पक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी झुंज दिली, त्यांच्या वाट्याला शेवटी एकाच गावची माती आली. मातीला बादशहा आणि गुलाम यांतला भेद कळत नाही.

आता एका गोष्टीचा विचार पालकांनी अवश्य करावा. अंबरच्या मागे त्याचा मुलगा फतेहखान सत्तेवर आला. बापाचा किल्ला, फौज व पद त्याला आयते मिळाले. पण अवघ्या सात वर्षांत, इ. स. १६३३ मध्ये, त्याने दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले आणि त्यांचे वेतन पत्करले. आणखी तीन वर्षांनी निजामशाहीच नकाशावरून पुसली गेली. एका बाजूला, काहीही न मिळालेला आणि चार अक्षरे शिकलेला गुलाम मुलगा एक राज्य पंचवीस वर्षे तोलून धरतो. दुसऱ्या बाजूला, सर्व काही मिळालेला त्याचाच पुत्र ते सात वर्षांत घालवतो. मुलांसाठी घर, शेती, दुकान ठेवून जाण्याची चिंता आपण रात्रंदिवस करतो. ती अवश्य करावी. पण मीर कासिमने एका परक्या मुलाला जे दिले, ते आपण आपल्या पोटच्या मुलांना आणि मुलींनाही देत आहोत का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. मुलगी सातवीतून शाळेबाहेर काढताना, मुलाला गॅरेजवर किंवा टपरीवर बसवताना हा प्रश्न मनात आला, तरी या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.

आणि विद्यार्थी मित्रांनो, गरिबीची, वस्तीची, आडनावाची सबब सांगण्यापूर्वी हरारच्या बाजूच्या त्या मुलाची आठवण करा. त्याने कोठे जन्मावे आणि कोणी त्याला विकावे, हे त्याच्या हाती नव्हते. जे शिकावयास मिळाले ते मन लावून शिकणे आणि जे शिकलो ते लोकांच्या उपयोगी आणणे, एवढेच त्याच्या हाती होते. तेवढ्यावर त्याने एका शहराला पाणी पाजले.