अल-बिरूनी: ग्रहणांचा हिशेब ठेवणारा माणूस

ग्रहण जवळ आलं की आमच्या मोहल्ल्यातही कुजबूज सुरू होते. घरात गरोदर सून असेल तर तिला सुरी धरू देत नाहीत, सुई-दोरा लपवून ठेवतात. हे आपल्या दीनमध्ये कुठे आहे असं विचारलं की मोठी माणसं गप्प बसतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले, त्याच दिवशी मदीनेत सूर्यग्रहण लागलं. अभ्यासक ती तारीख २७ जानेवारी ६३२ अशी काढतात. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच ग्रहण लागलं. प्रेषितांनी (स.) दुःखातही ते मान्य केलं नाही. सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्याशी ग्रहणाचा संबंध नाही, हे त्यांनी तिथंच स्पष्ट केलं आणि लोकांना घेऊन नमाज पढली.

ही शिकवण ज्यांनी आयुष्यभर गणितात उतरवली त्यांच्यापैकी एक म्हणजे अबू रैहान अल-बिरूनी. जन्म ४ सप्टेंबर ९७३, म्हणजे ३ जिल्हज हिजरी ३६२. गाव ख्वारिज्ममधल्या काथ शहराच्या बाहेरचं, आजच्या उझबेकिस्तानात. फारसीत बिरून म्हणजे बाहेर, त्यावरून बिरूनी. राजघराण्यातले गणितज्ञ अबू नस्र मन्सूर हे त्यांचे उस्ताद. ९९५ मध्ये ख्वारिज्ममध्ये सत्ता उलटली, उस्तादांचं घराणं पडलं आणि बावीस वर्षांच्या या मुलाला जीव घेऊन पळावं लागलं. काही काळ रै शहरात हलाखीत काढला.

पण आकाशाकडे बघणं सुटलं नाही. २४ मे ९९७ च्या रात्री चंद्रग्रहण होतं. बिरूनी तेव्हा काथमध्ये होते आणि बगदादमध्ये होते ज्येष्ठ गणितज्ञ अबुल वफा. दोघांनी आधीच ठरवलं होतं की आपापल्या जागेवरून ग्रहणाची वेळ टिपायची. चंद्रग्रहण जिथून दिसतं तिथं सगळीकडे एकाच क्षणी दिसतं, फक्त त्या त्या गावची वेळ वेगळी असते. फरक निघाला सुमारे एका तासाचा. एक तास म्हणजे १५ अंश. दोन शहरं पूर्व-पश्चिम किती लांब आहेत ते कळलं. ना तार, ना फोन! आम्ही हा प्रसंग वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

मग नेहमीचा प्रश्न येतो. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागतं ना, मग दर पौर्णिमेला का नाही? कारण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंश तिरकी आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही वाटा जिथं एकमेकींना छेदतात त्या दोन जागांजवळ सूर्य असेल तरच ग्रहण होतं आणि ती वेळ साधारण १७३ दिवसांनी येते. त्यामुळे वर्षाला किमान २ सूर्यग्रहणं होतातच, जास्तीत जास्त ५. चंद्राची अंधुक छायाकल्प ग्रहणं धरून दोन्ही मिळून वर्षात ४ ते ७. तरी एकाच गावात खग्रास सूर्यग्रहण पुन्हा दिसायला सरासरी ३७५ वर्षं लागतात, म्हणून लोकांना ते कधीतरीच घडणारं अघटित वाटतं. बाबिलोनच्या लोकांना फार पूर्वीच कळलं होतं की २२३ चांद्रमासांनी, म्हणजे १८ वर्षं ११ दिवसांनी, तशीच ग्रहणं पुन्हा येतात. आपल्या हिजरी महिन्यात तर हे सोपं आहे: चंद्रग्रहण महिन्याच्या मध्यावर, सूर्यग्रहण महिना संपताना.

त्या दोन छेदबिंदूंना अरबीत रास आणि जनब म्हणत, डोकं आणि शेपूट. भारतीय ज्योतिषी त्यांनाच राहू आणि केतू म्हणत.

१०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकलं आणि बिरूनींना गझनीला नेलं. दरबारातला मान होता की कैद होती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. १०१८ साली काबूलजवळच्या एका खेड्यात असताना त्यांच्याकडे एकही यंत्र नव्हतं, तेव्हा हिशेबाच्या पाटीच्या पाठीवर वर्तुळाचे अंश आखून त्यांनी सूर्याची उंची मोजली. ८ एप्रिल १०१९ ला लमगानच्या डोंगरात सूर्य उगवला तोच ग्रहण लागलेला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला गझनीत चंद्रग्रहण, त्याच्या सुरुवातीला कोणता तारा किती उंचीवर होता हे त्यांनी लिहून ठेवलं. तरुणपणी सूर्यग्रहणं थेट पाहून आपली नजर अधू झाली, तेव्हा पाण्यातलं प्रतिबिंब पाहणं बरं, हेही त्यांनी नोंदवलंय. आता पाण्यातलं प्रतिबिंबही सुरक्षित मानत नाहीत, ग्रहणाचा खास चष्माच लागतो.

पुढे ते संस्कृत शिकले आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ग्रहणांवर वेगळा भाग आहे. ग्रहण सावलीमुळे होतं हे वराहमिहिराने लिहिलंय, याची त्यांनी कदर केली. ब्रह्मगुप्ताला ते फार मोठा गणिती मानत, पण खरं कारण ठाऊक असूनही तो राहूने गिळण्याच्या समजुतीची बाजू घेतो, म्हणून त्याला चांगलंच खडसावलंय. समाजाच्या भीतीने त्याने असं केलं असावं, असंही त्यांना वाटलं. आम्हाला यात दुसऱ्या धर्माची टिंगल दिसत नाही. जाणत्या माणसाने लोकांसमोर मान तुकवली याची ती चीड आहे आणि ती आपल्याकडच्या जाणत्यांनाही लागू पडते.

आमच्या मुलींना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. १०२९ चं त्यांचं ‘किताबुत्तफहीम’ हे प्रश्नोत्तरांचं पुस्तक रैहाना नावाच्या ख्वारिज्मच्या एका स्त्रीसाठी लिहिलेलं आहे. भूमिती, गणित, तारे, सगळं तिच्यासाठी सोप्या क्रमाने.

सुलतान मसूदच्या नावाने त्यांनी ‘कानून-ए-मसऊदी’ लिहिला. बक्षीस म्हणून हत्तीवर लादून आलेली चांदी त्यांनी परत पाठवली, असं सांगतात. १०५० च्या सुमारास गझनीतच त्यांचं निधन झालं. शेवटच्या आजारात एक फकीह भेटायला आले, तर बिरूनी त्यांना वारसा हक्काचा एक किचकट मसला विचारू लागले. अशा हालतीत कशाला, असं त्यांना वाटलं. पण बिरूनींना तो समजून घेऊनच जायचं होतं. मसला ऐकून झाला, पाहुणे निघाले आणि वाटेतच त्यांना घरातून रडण्याचा आवाज आला.