जीपीएसच्या २०० वर्षं आधी समुद्रात जहाजाचा ठावठिकाणा सांगणारं घड्याळ एका सुताराने बनवलं होतं

बोटीवरचं जीपीएस उपग्रहांकडून नकाशा घेत नाही, वेळ घेतं. अचूक वेळ कळली की भर समुद्रातही आपण कुठे आहोत ते कळतं, हे अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या एका सुताराने सिद्ध केलं होतं. त्यांचं नाव जॉन हॅरिसन.

हॅरिसन यांचा जन्म १६९३ चा, यॉर्कशायरमधला. वडील सुतार होते. हॅरिसन यांचं शिक्षण जेमतेमच, पण विशीतच त्यांनी जवळपास सगळे भाग लाकडाचे असलेलं घड्याळ बनवलं.

खलाशांची अडचण काय होती?

आपण किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत, हे ध्रुवतारा किंवा दुपारचा सूर्य पाहून कळायचं. पण पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश कळायचे नाहीत.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. जहाजावर सूर्य माथ्यावर आला आणि त्याच क्षणी निघालेल्या बंदरात दुपारचे ३ वाजले असतील, तर जहाज ४५ अंश पश्चिमेला आलं आहे. हिशोब सोपा, पण बंदराची वेळ जहाजावर कळणार कशी? लंबकाची घड्याळं लाटांच्या हेलकाव्यांत बिघडायची.

याची किंमत जिवाने मोजावी लागायची. १७०७ मध्ये ठिकाणाचा अंदाज चुकल्याने ब्रिटिश नौदलाची ४ जहाजं सिली बेटांजवळच्या खडकांवर आपटली. हजाराहून जास्त लोक बुडाले. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने बक्षीस जाहीर केलं. अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश सांगणाऱ्याला तब्बल २०,००० पाऊंड.

एका घड्याळासाठी अख्खं आयुष्य

हॅरिसन यांचं पहिलं सागरी घड्याळ १७३६ मध्ये लिस्बनच्या प्रवासाला गेलं. परतताना किनारा दिसला, तेव्हा जहाजावरच्या अधिकाऱ्यांचा अंदाज सुमारे ६० मैलांनी चुकला होता. हॅरिसन यांचा बरोबर निघाला. पण ते स्वतःच समाधानी नव्हते. दुसरं घड्याळ झालं, तिसऱ्यात जवळपास १९ वर्षं गेली. मग त्यांनी मोठ्या यंत्राचा नाद सोडला आणि १७५९ मध्ये तळहातावर मावेल असं चौथं घड्याळ पूर्ण केलं.

१७६१ मध्ये त्यांचा मुलगा विल्यम हे घड्याळ घेऊन जमैकाला निघाला. तिथे पोहोचल्यावर तपासलं, तर चूक अवघ्या ५ सेकंदांची होती. बक्षिसासाठी २ मिनिटांपर्यंतची चूक चालणार होती.

तरीही बक्षीस मिळालं नाही. निर्णय घेणाऱ्या मंडळाला हा योगायोग वाटला. पुन्हा चाचणी झाली, घड्याळ पुन्हा पास झालं. दरम्यान, चंद्राच्या स्थितीवरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते नेव्हिल मॅस्केलिन १७६५ मध्ये राजज्योतिषी झाले आणि त्या मंडळावरही आले. घड्याळ उघडून त्याची रचना दाखवल्यावर हॅरिसन यांच्या हाती निम्मी रक्कम पडली. उरलेल्या रकमेसाठी नव्या अटी आल्या.

शेवटी राजा तिसरा जॉर्ज यांनी त्यांच्या पाचव्या घड्याळाची स्वतः चाचणी घेतली. १७७३ मध्ये संसदेने आणखी ८,७५० पाऊंड दिले. तेव्हा हॅरिसन ८० वर्षांचे होते. चौथ्या घड्याळाची नक्कल सोबत नेलेले कॅप्टन जेम्स कुक १७७५ मध्ये परतले आणि त्यांनीही घड्याळाची वाखाणणी केली. पुढच्याच वर्षी हॅरिसन यांचं लंडनमध्ये निधन झालं.

मग जीपीएस काय वेगळं करतं?

आता घड्याळ वर गेलं आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. संदेश किती वाजता निघाला हे उपग्रह कळवतो. तो किती वेळात पोहोचला, यावरून बोटीवरचं यंत्र उपग्रहाचं अंतर काढतं. ३ उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरते. यंत्रातलं साधं घड्याळ थोडं चुकतं, ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो.

हॅरिसन यांच्या काळात ४ सेकंदांची चूक विषुववृत्ताजवळ जहाजाला जवळपास २ किलोमीटर चुकवायची. जीपीएसमध्ये सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकही अंतरात ३०० मीटरचा फरक पाडते. म्हणून आजही बोट सुखरूप बंदरात येते ती घड्याळाच्याच भरवशावर.